बैठक

संस्कृतातल्या ‘आस्’ धातूचा अर्थ बसणं. आसन म्हणजे बसणं, आणि ज्यावर बसायचं तेही. पतंजलींच्या 195 योगसूत्रांपैकी (काही पाठांत 196) आसनाच्या वाट्याला तीनच सूत्रं आली आहेत. पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिकेत स्वात्मारामाने पंधरा आसनं सांगितली, घेरण्डसंहितेत ती बत्तीस झाली आणि बी. के. एस. अय्यंगारांच्या 1966 सालच्या ग्रंथात दोनशे. या वाढीबद्दल माझी तक्रार नाही. आसनं वाढत गेली तसं बसणं मात्र आटत गेलं, याचं दुःख आहे.

मराठी माणसाला योगाची पहिली ओळख ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातून होते. 1290 साली नेवाशात सांगितलेल्या या ग्रंथात, गीतेतल्या चार-पाच श्लोकांच्या निमित्ताने, ज्ञानदेव कुंडलिनीच्या जागृतीचं सविस्तर वर्णन करतात. मूळ श्लोकांत कुंडलिनीचं नावही नाही. गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांकडे आणि तिथून आपल्याकडे आलेलं नाथपंथाचं गुह्य त्यांनी बायाबापड्यांच्या भाषेत उघडं केलं. ते करताना साधनेची जागा कशी असावी इथपासून सुरुवात केली. ती निवांत असावी आणि तिथे गेल्यावर उठावंसंच वाटू नये, अशी. पुढे बाराव्या अध्यायात तेच ज्ञानदेव या वाटेचे कष्टही स्पष्ट सांगतात आणि भक्तीची वाट जवळची ठरवतात. योगाची थोरवी गाणाऱ्यानेच त्याची अवघड बाजू झाकून ठेवली नाही. आजच्या जाहिरातींत मला हा प्रामाणिकपणा शोधूनही सापडत नाही.

विसाव्या शतकातली गोष्ट सुरू होते नर्मदाकाठच्या मालसरला, परमहंस माधवदासजींच्या आश्रमात. त्यांच्या दोन शिष्यांनी योग गुहेतून गावात आणला. मणिभाई देसाई म्हणजे योगेंद्रजी. त्यांनी 1918 मध्ये वर्सोव्याला ‘द योग इन्स्टिट्यूट’ काढली आणि पुढे संसार मांडून योग गृहस्थाच्या घरात नेला. पत्नी सीतादेवींनी स्त्रियांसाठी पुस्तक लिहिलं. दुसरे जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद.

कुवलयानंदांपाशी मला जरा थांबावंसं वाटतं. बडोद्याच्या आखाड्यात प्रा. माणिकरावांकडे शरीर कमावलेला आणि अमळनेरला शिक्षणाचं काम केलेला हा माणूस. बडोद्याच्या सरकारी इस्पितळात त्याने उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रिया क्ष-किरणांखाली तपासल्या. नौली करताना मोठ्या आतड्यात दाब उणा होतो आणि म्हणूनच बस्ती या आतडं धुण्याच्या क्रियेत पाणी आपोआप आत ओढलं जातं, हे मोजून दाखवलं. या निर्वात अवस्थेला त्याने नाव दिलं ‘माधवदास व्हॅक्यूम’. प्रयोगशाळेतल्या निष्कर्षाला गुरूचं नाव! 1924 च्या ऑक्टोबरात लोणावळ्याला संस्था उभी राहिली, ‘योगमीमांसा’ त्रैमासिक निघालं, आणि या शास्त्रीय उद्योगाला नाव मिळालं कैवल्यधाम. रक्तदाब मोजायचा, श्वास मोजायचा, पण दारावरच्या पाटीवर मात्र मुक्कामाचं ठिकाण, कैवल्य म्हणजे मोक्ष, लिहून ठेवायचं. परंपरा जपणं म्हणतात ते हेच, असं मला वाटतं. काळाची भाषा ते शिकले, आणि कुठे जायचं ते विसरले नाहीत.

त्याच संस्थेत पोथ्यांचंही काम झालं, त्याची चर्चा फारच थोडी होते. स्वामी दिगंबरजी आणि पंडित रघुनाथशास्त्री कोकजे यांनी हस्तलिखितं ताडून हठप्रदीपिकेची चिकित्सक आवृत्ती 1970 मध्ये सिद्ध केली. डॉ. मनोहर घरोटे यांनी पुढे लोणावळ्यातच वेगळी संस्था काढून हठयोगाच्या कमी परिचित ग्रंथांवर आयुष्य वेचलं. पाठभेद लावत बसलेल्या या माणसांमुळेच ‘आपल्या शास्त्रात आहे’ असं कुणी ठोकून दिलं, तर कुठे आहे ते विचारता येतं. सूर्यनमस्काराचंच घ्या. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1920 च्या दशकात त्याचा जोमाने प्रसार केला तो व्यायाम म्हणून. आज तो योगवर्गाचा कणा आहे. तो उत्तमच आहे, मात्र त्याला हठप्रदीपिकेचा आधार दाखवू नये. जुनेपणाचा खोटा दाखला देणं हीसुद्धा परंपरेची हानीच.

अय्यंगार 1937 मध्ये पुण्याला आले. दोर, पट्टे, विटा यांच्या आधाराने त्यांनी दुखऱ्या, वयस्क शरीरांनाही आसनात स्थिर केलं. त्यांच्यावर केवळ शरीराचा योग शिकवल्याचा आरोप झाला. मला तो पटत नाही. पायाच्या करंगळीकडे लक्ष नेणं ही त्यांच्या लेखी धारणेचीच तयारी होती, आणि पुढे प्राणायामावर नि योगसूत्रांवर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिले.

बाजाराशीही झगडे झाले. सव्वीस आसनांच्या विशिष्ट क्रमावर अमेरिकेत मालकी सांगितली गेली. तिथल्या न्यायालयाने 2015 मध्ये ती नाकारली. भारताने पारंपरिक ज्ञानाच्या संगणकीय ग्रंथालयात आसनांची नोंद केली, 2016 मध्ये युनेस्कोच्या यादीत योग आला. या नोंदी हव्यातच. पण त्यांत अभ्यासाला बसवणारा कुणी नसतो.

मी ज्या वर्गात जात असे, तिथे पुढची तुकडी बाहेर खोळंबलेली असे, म्हणून शवासन दोन मिनिटांत उरकायचं. यमनियमांचा उच्चार वर्षभरात एकदाही झाला नाही. आमच्यातल्या एका वृद्ध गृहस्थांनी, ज्यांनी स्वतः तीस वर्षं सकाळ चुकवलेली नव्हती, एके दिवशी विचारलं, ‘गुरुवारी माझ्याकडे याल का? काही शिकवणार नाही. नुसतं बसू.’ पहिल्या गुरुवारी चौदा जण गेलो. आता सहा उरलो आहोत. चार आसनं, थोडा प्राणायाम, मग दिवा मालवून अर्धा तास. माझे गुडघे विसाव्या मिनिटाला अजून दुखतात. आजोबा त्याबद्दल काही बोलत नाहीत, फक्त दुमडलेलं कांबळं माझ्याकडे सरकवतात.