हायब्रिड गाडी घ्यायची? आधी रोजचं अंतर मोजा

ईदच्या दुसऱ्या दिवशी आमचे मेहुणे घरी आले. शीरखुर्म्याची वाटी हातात घेत म्हणाले, "भाईजान, तुम्ही मुलांना गणित शिकवता, मग जरा हिशोब करून सांगा. हायब्रिड घेऊ की साधी पेट्रोल?" मुंब्र्याहून शिळफाटामार्गे रोज कामावर जाणारा माणूस. पैसे सात वर्षं साठवलेले. व्याजाचं कर्ज त्यांना घ्यायचं नाही, त्यामुळे गाडीची पूर्ण किंमत एकदमच मोजावी लागणार. चूक झाली तर ती महागात पडणार होती.

हायब्रिडमध्ये पेट्रोलचं इंजिन असतंच, सोबत विजेची मोटर आणि छोटी बॅटरी असते. साध्या गाडीत ब्रेक मारला की वेगाची ताकद उष्णता होऊन वाया जाते. हायब्रिडमध्ये त्याच वेळी मोटर उलटं काम करते, म्हणजे वीज तयार करून बॅटरीत भरते. पुढे गाडी हळू चालली की ही वीज वापरली जाते आणि इंजिन बंद राहतं. घरी प्लग लावायची गरज नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये पार्किंगचेच वांधे आहेत, तिथे इलेक्ट्रिक गाडीसाठी चार्जिंग पॉइंट कुठून आणणार?

म्हणजे जिथे ट्रॅफिक जास्त, तिथे हायब्रिडचा फायदा जास्त. शिळफाट्यावर अर्धा तास अडकलं तर साधं इंजिन पेट्रोल पीत राहतं, हायब्रिडचं बराच वेळ गप्प असतं. शेजारच्या रिक्षात बसलेल्या शाळकरी मुलांच्या नाकात तेवढा धूर कमी जातो. ईदला गावी कोकणात जाताना मोकळ्या रस्त्यावर मात्र ब्रेक कमी लागतात, त्यामुळे बचतही कमी होते.

आता हिशोब. मारुती ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडचं प्रमाणित मायलेज लिटरला 27.97 किलोमीटर आहे. शहरात तेवढं मिळेल असं आम्ही धरलं नाही. 21 धरलं, साध्या पेट्रोल गाडीला 14 आणि पेट्रोल 104 रुपये लिटर. वर्षाला 15,000 किलोमीटर गाडी चालली तर सुमारे 357 लिटर पेट्रोल वाचतं, म्हणजे 37 हजार रुपये. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्या हिशोबाने वर्षाला 820 किलो कमी.

पण गाडी महाग पडते, ते विसरून चालणार नाही. किमतीतला फरक अडीच लाख धरला, तर तो भरून निघायला पावणेसात वर्षं लागतात. वर्षाला 30,000 किलोमीटर चालवणाऱ्याचे पैसे साडेतीन वर्षांच्या आत वसूल. आणि फक्त रविवारी खालाकडे जायला गाडी काढणाऱ्याला, वर्षाला 5,000 किलोमीटर धरले, तर वीस वर्षं! त्याने साधी पेट्रोल गाडी घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

सरकारी करातही हायब्रिडला फार सवलत नाही. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी 5 टक्के, पण सप्टेंबर 2025 पासून चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर 40 टक्के, म्हणजे तेवढ्याच मोठ्या पेट्रोल गाडीइतकाच. धूर कमी करणाऱ्या गाडीला हा न्याय आम्हाला काही पटत नाही.

शोरूममध्ये एक गोष्ट नक्की विचारा: स्ट्राँग की माइल्ड? 'स्मार्ट हायब्रिड' असं नाव असलेल्या मारुतीच्या गाड्या माइल्ड प्रकारातल्या. त्यात मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते, नुसत्या विजेवर गाडी चालत नाही. त्यामुळे बचतही थोडीच. वर दिलेला हिशोब फक्त स्ट्राँगचा आहे. मेहुण्यांना एका सेल्समनने नुसतं "हायब्रिडच आहे सर" एवढंच सांगितलं होतं, ती निघाली माइल्ड.

बॅटरीची भीती अनेकांना वाटते. हे तंत्र काही कालचं नाही. टोयोटाची प्रियस जपानमध्ये 1997 सालीच रस्त्यावर आली. आपल्याकडे टोयोटा स्ट्राँग हायब्रिडच्या बॅटरीवर 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरची वॉरंटी देते. जुनी गाडी घेत असाल तर त्यातली किती वर्षं उरली, ते कागदावर बघून घ्या.

मेहुण्यांचं रोजचं जाणं-येणं 70 किलोमीटर, वर्षाला वीस हजारांच्या वर. त्यांनी स्ट्राँग हायब्रिडच बुक केली. आमची स्कूटर मात्र अजून चालू आहे, शाळा घरापासून दोनच किलोमीटरवर आहे.