सोलर तापलाय, नळ मात्र गार

आमच्या बंगळुरूत गच्चीवर सोलर असतोच. टाकी तापलेली, तरी नळाला गार पाणी? सोलर-गिझर अदलाबदलीला मोटरचा व्हॉल्व्ह असेल, तर आधी तो बघा. प्लंबर म्हणेल, "अख्खा बदला." थांबा जरा.

मेन स्विच बंद करून वरची मोटर सोडवा. खालचा दांडा पान्याने हलकेच फिरवा. घट्ट बसला असेल, तर बोअरच्या जड पाण्याचे क्षार आत साचलेत. जोर लावू नका, दांडा तुटतो. व्हॉल्व्ह काढून साफ करून घ्या. सहज फिरला, तर दोष मोटरीत किंवा वायरिंगमध्ये. ते इलेक्ट्रिशियनचं काम. नवी मोटर येईपर्यंत दांडा हातानेच सोलरकडे वळवून ठेवा, सकाळची आंघोळ तर गरम पाण्याने होईल!