संगणकाचे स्पीकर : सद्दु हवा की दनी हवी?

संगणकाला स्पीकर घ्यायचे ठरले की घरात लगेच दोन पक्ष पडतात. मुलांना सहा खोक्यांचा 'फाइव्ह पॉइंट वन' हवा असतो, कारण गेममध्ये पाठीमागून येणाऱ्याची पावले पाठीमागूनच ऐकू आली पाहिजेत. आजोबांना सकाळचा अभंग आणि रात्रीच्या बातम्या स्वच्छ ऐकू आल्या की पुरे. ज्याच्या हाती केरसुणी असते त्याला पायात येणाऱ्या वायरी नको असतात, पण त्याचे मत कोणी विचारत नाही. शेवटी मोठे खोके, जास्त दिवे आणि जास्त वॉट यांकडे बघून खरेदी होते.

दुकानात जाण्यापूर्वी घरातच एक गोष्ट बघावी. आपण जे ऐकतो, त्यात मुळात किती वाहिन्या आहेत? सराउंड साउंडमधले 'पाच' म्हणजे समोर डावा, उजवा आणि मधला, शिवाय मागे डावा आणि उजवा. 'पॉइंट वन' म्हणजे फक्त खर्जाचा सबवूफर. या सहा ठिकाणी सहा वेगवेगळे आवाज जायचे, तर ते मूळ ध्वनिमुद्रणातच वेगवेगळे असायला हवेत. नसतील तर सेट एकाच आवाजाच्या नकला चारी बाजूंनी ऐकवतो.

आपल्या भागातले बरेचसे ऐकणे हे असे, एका-दोन वाहिन्यांचे आहे. मिरजेत राहिलेले अब्दुल करीम खाँ 1937 साली गेले. त्यांच्या साऱ्या तबकड्या एकाच वाहिनीच्या, म्हणजे मोनो. पाश्चात्त्य बाजारात स्टिरिओ तबकड्या आल्या त्याच 1958 च्या सुमारास. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व यांची जुनी ध्वनिमुद्रणे घरात लागत असतील, तर त्यांना पाच स्पीकर देऊन काही वाढत नाही. उलट सेटवरचे 'सराउंड'चे बटण दाबले की गाण्याला खोटा घुमारा चढतो आणि तानपुरा विहिरीतून वाजल्यासारखा लागतो. यूट्यूबवरून संगणकावर आपण ऐकतो तेही बहुतेक दोनच वाहिन्यांचे असते. साधे ब्ल्यूटूथही दोनच वाहिन्या वाहून नेते.

कन्नडमध्ये यासाठी दोन छान शब्द आहेत. गोंगाट, खडखडाट तो 'सद्दु' आणि गळ्यातून येतो तो 'दनी'. मराठीत बोलताना आपण दोन्हींना आवाजच म्हणतो आणि दुकानात फसतो ते तिथेच. दुकानदार सद्दु ऐकवतो, आपल्याला घरी दनी हवी असते.

मग पाच स्पीकर कोणासाठी?

ज्या घरात चित्रपट आणि गेम हेच मुख्य, त्या घरासाठी. 'कांतारा' (2022) चित्रपटगृहात पाहिलेल्यांना त्यातले जंगल आणि दैवाची आरोळी आठवत असेल. तो अनुभव सहा वाहिन्यांची डीव्हीडी किंवा तसा आवाज देणारे ॲप असेल तर घरीही बऱ्यापैकी मिळतो.

पाच स्पीकरच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा. चित्रपटातले संवाद बहुतेक मधल्या स्पीकरमधून येतात. वय वाढले की कानाला आधी वरचे, बारीक आवाज कमी ऐकू येऊ लागतात. स, श, फ, त ही व्यंजने कळतात ती याच वरच्या पट्टीतल्या आवाजामुळे. म्हणून आजी म्हणते, "आवाज येतोय रे, पण काय बोलतात ते कळत नाही." अशा वेळी नातू एकूण आवाज वाढवतो, वूफर दणाणतो आणि संवाद आणखी बुडतात. 5.1 च्या सेटवर फक्त मधल्या स्पीकरचा आवाज वाढवता येतो, वूफरचा उतरवता येतो. दोन स्पीकर असतील तर निदान बास कमी करून ट्रेबल किंचित वाढवावा. तेवढ्यानेही पुष्कळदा संवाद उमगू लागतात.

मात्र मागचे दोन स्पीकर ठेवायला जागा हवी. आपल्या बहुतेक घरांत संगणकाचे टेबल भिंतीला, खुर्ची त्याच्यापुढे आणि खुर्चीमागे कपाट किंवा दार. शास्त्र असे सांगते की समोरचे दोन स्पीकर मध्यापासून 30-30 अंशांवर असावेत. म्हणजे ते दोन आणि आपले डोके मिळून समभुज त्रिकोण होतो. मागचे दोन 100 ते 120 अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित मागे असावेत. खोलीच्या मागच्या कोपऱ्यांत किंवा टेबलावरच मॉनिटरशेजारी मांडलेले पाच स्पीकर मी कित्येक घरांत पाहिले आहेत. त्यांतले दोन नुसते शोभेचे असतात. मागची वायर उंबरठ्यावरून जाणार असेल तर ती कधीतरी पायात येणार, आणि कौलारू घर असेल तर उंदरांचीही सोय होणार.

सबवूफर कोपऱ्यात ठेवला की तो जास्त घुमतो. खर्जाचा आवाज नेमका कुठून येतो हे कानाला कळत नाही. त्यामुळे तो कोपऱ्यातून थोडा बाहेर, कुठेही ठेवला तरी चालतो. वडगाव-शहापूरला कानांना मागाच्या खटखटाटाची सवय असते खरी, पण सामाईक भिंतीतून येणारा वूफरचा धक्का शेजाऱ्याच्या छातीत बसतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल अशी मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. शेजाऱ्याने "सौंड कम्मी माडरी" म्हणण्याआधीच बासचे बटण खाली आणलेले बरे.

दुकानात काय बघावे

खोक्यावर हजारांत लिहिलेले पीएमपीओ वॉट सोडून द्यावेत, त्यांना काही अर्थ नसतो. आरएमएस वॉट विचारावेत. तेही पटले नाहीत तर अडॅप्टर उलटा करून बघावा. त्यावर 12 व्होल्ट, 2 अँपिअर लिहिले असेल तर आत 24 वॉट जातात. मग बाहेर हजार वॉट येतील कुठून? टेबलाशी बसून ऐकायला दहा-वीस खरे वॉट भरपूर होतात.

आपला संगणक सहा वाहिन्या देतो की नाही, हे मागे वाकून बघावे. हिरवा, नारिंगी आणि काळा अशी तीन भोके असतील तर 5.1 चा सेट थेट जोडता येतो. हिरवी पिन समोरच्या दोन स्पीकरची, नारिंगी मधला आणि सबवूफर यांची, काळी मागच्या दोघांची. बहुतेक लॅपटॉपना हेडफोनचे एकच भोक असते. तिथे वेगळे यूएसबी साउंड कार्ड घ्यावे लागते. त्याची किंमत हिशेबात धरावी. जोडल्यावर संगणकाच्या साउंड सेटिंगमध्ये 5.1 निवडायचे राहून जाते आणि मागचे स्पीकर मुके आहेत म्हणून सेट परत नेला जातो.

दुकानदाराची धडाडधूम वाजणारी डेमो क्लिप ऐकू नये. पेनड्राइव्हवर आपले तीन तुकडे न्यावेत : एखादा विलंबित ख्याल, तबल्याचे एकलवादन आणि कन्नड किंवा मराठी बातम्या. तानपुऱ्याच्या चार तारा वेगळ्या जाणवतात का, डग्ग्याची मींड सरकत जाते की नुसता 'धप्प' होतो, वृत्तनिवेदकाचा 'स' टोचतो का, एवढे बघावे. पाच मिनिटांत कान थकला तर तो सेट घेऊ नये, किंमत कितीही उतरवली तरी.

खर्चाचे म्हणाल, तर ठरलेली रक्कम सहा खोक्यांत वाटली की प्रत्येक खोके हलके येते. खोलीत मागे जागा नसेल आणि घरात गाणे जास्त लागत असेल, तर त्याच पैशांत दोनच चांगले स्पीकर घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलांच्या पाठीमागच्या पावलांसाठी एक बरा हेडफोन पुरतो. त्यात डाव्या-उजव्या कानाला मिळणाऱ्या आवाजातल्या बारीक फरकावरून मागचा आभास निर्माण करता येतो, आणि शेजारीही झोपतो.

स्पीकर घरी आले की सराउंडचे बटण बंद ठेवून एखादी जुनी मोनो तबकडी लावावी. गाणारा दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये, मॉनिटरच्या जागी बसल्यासारखा वाटला तर मांडणी जमली. तो एका बाजूला सरकलेला वाटला तर त्या बाजूचा स्पीकर बोटभर मागे ढकलावा आणि पुन्हा ऐकावे.