विक्री वाढली, पण माल खपला का?

पावसाळ्यात लोहगड, राजमाची चढणाऱ्यांच्या पायांत नामांकित बूट दिसतात. म्हणून ते विकणारी कंपनी फायद्यातच असेल, असं नव्हे.

मुंबईच्या मेट्रो ब्रँड्स या पादत्राणे विकणाऱ्या कंपनीने डिसेंबर 2022 मध्ये क्रॅव्हटेक्स ब्रँड्स विकत घेतली. तिच्यासोबत ‘फिला’ या क्रीडाबुटांच्या ब्रँडचा भारतातला व्यवसाय आला आणि जुन्या मालाचा साठाही. तो सवलतीत काढावा लागला, आणि फिलाचा तोटा मेट्रोच्या एकत्रित नफ्यातून वजा होत राहिला. म्हणूनच ताळेबंदात आधी साठा पाहावा: तो विक्रीपेक्षा वेगाने वाढतोय का? क्रीडाबुटांची नवलाई लवकर ओसरते.

पाहण्याची दुसरी जागा दुकानभाड्याची. एप्रिल 2019 पासूनच्या हिशेबनियमांनुसार बरंचसं भाडं घसारा आणि व्याजात मोडतं. त्यामुळे या दोन्हींआधीचा नफा फुगलेला दिसतो. निव्वळ नफा आणि भाडं फेडल्यानंतर व्यवसायातून हाती उरलेली रोकड, दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत.