बंदूक हलू द्या

छऱ्याची बंदूक बहुतेकांच्या हाती पहिल्यांदा येते ती जत्रेत. फळीवर ओळीने फुगे लावलेले असतात. आपण दस्ता खांद्याला लावून नेम धरतो, फुगा शाबूत राहतो आणि शेजारचा म्हणतो, ‘नळीच वाकडी आहे हो.’ पुढे कधी स्वस्तातली स्प्रिंगची एअर रायफल घेतली, की हेच वाक्य घरी येतं. दहा मीटरवरच्या कागदावर छर्रे पानभर विखुरतात आणि दोष बंदुकीच्या किमतीला दिला जातो. अशा बंदुकांशी माझा बराच सहवास आहे. इतरांना त्या चालवताना मी जवळून पाहिलं आहे. त्यातून माझं मत ठाम झालं आहे : वाकड्या ठरवलेल्या या बंदुकांपैकी बऱ्याचशा दहा मीटरवर सगळे छर्रे रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत आणू शकतात. त्यासाठी त्यांना आवळून धरणं सोडावं लागतं.

याचं कारण बंदुकीच्या पोटात आहे. नळी मोडून खाली ओढली, की आतला दट्ट्या मागे सरकतो, जाड स्प्रिंग दाबली जाते आणि खटका तिला अडवून धरतो. चाप ओढल्यावर खटका सुटतो, दट्ट्या पुढे झेपावतो आणि त्याच्या पुढ्यातली हवा आवळली जाऊन तापते. छर्रा मात्र लगेच निघत नाही. दट्ट्या जवळजवळ टोकाशी पोचतो, तेव्हा कुठे पुरेसा दाब तयार होतो आणि छर्रा नळीतून धावू लागतो. तोवर बंदूक हललेली असते. दट्ट्या पुढे निघाला तेव्हा ती मागे सरकली. तो दाबलेल्या हवेवर आपटून थांबतो तेव्हा ती पुढे ओढली जाते. दारूच्या रायफलीचा धक्का एकाच दिशेचा, मागचा. इथे दोन्हीकडचे धक्के आहेत आणि त्यांतला मोठा भाग छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच घडतो.

म्हणजे नेम धरताना नळी जिथे होती, तिथे ती छर्रा सुटताना नसते. साधारण 45 सेंटिमीटरच्या नळीचं तोंड अर्धा मिलिमीटर जरी सरकलं, तरी दहा मीटरवर छर्रा सेंटिमीटरभर बाजूला जातो. हे सरकणं थांबवणं माणसाच्या स्नायूंच्या आवाक्यातलं नाही. ते दर वेळी सारखंच व्हावं, एवढं मात्र आपल्या हातात आहे. सगळे छर्रे एकाच चुकीच्या जागी जात असतील, तर मागच्या साइटचा स्क्रू फिरवून ती जागा मध्यावर आणता येते. ते दहा ठिकाणी जात असतील, तर कुठलाही स्क्रू उपयोगाचा नाही.

महागड्या बंदुका बनवणाऱ्यांनाही हाच प्रश्न पडला होता. जर्मनीतल्या फाइनवेर्कबाउ कंपनीने 1970च्या दशकातल्या आपल्या 300 या स्पर्धेच्या रायफलीत नळी आणि दट्ट्याचा सगळा संच रुळांवर बसवला. चाप ओढला की तो संच दस्त्याच्या आत मोकळा मागे सरकतो आणि नेमबाजाच्या खांद्याला धक्का जाणवत नाही. डायना कंपनीने एकमेकांविरुद्ध दिशेने धावणारे दोन दट्टे वापरून धक्क्याला धक्क्याने तोडलं. आजच्या स्पर्धेत तर स्प्रिंगच नसते. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने 2022मध्ये कैरोला 10 मीटर एअर रायफलचं विश्वविजेतेपद मिळवलं. त्या प्रकारात दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि रायफली सिलिंडरमधल्या दाबलेल्या हवेवर चालतात. म्हणून अकादमीत शिकलेली पकड जशीच्या तशी स्वस्त स्प्रिंगच्या बंदुकीवर लावली, तर फसगत होते. फाइनवेर्कबाउने जे काम रुळांकडून करून घेतलं, ते इथे आपल्या तळहाताला करायचं असतं.

या पकडीला अमेरिकन लेखक टॉम गेलॉर्ड यांनी ‘आर्टिलरी होल्ड’ असं नाव दिलं. तोफ डागल्यावर ती मागे सरकते, तसं बंदुकीला सरकू द्यायचं. डावा तळहात उघडा ठेवायचा, बोटं दस्त्याभोवती वळवायची नाहीत आणि तान्ह्या बाळाचं डोकं तोलावं तशी रायफल त्यावर नुसती टेकवायची. उजव्या हाताची पकड सैल, दस्ता खांद्याला लागेल न लागेल असा, गाल हलका. तळहात नेमका कुठे असावा, हे प्रत्येक बंदूक वेगळं सांगते : एखादीला चापाच्या कडीजवळ आवडतं, एखादीला वीतभर पुढे. योग्य जागा सापडली, की दस्त्यावर पेन्सिलीने खूण करून ठेवावी. बसून नेम धरताना हाताखाली वाळूची पिशवी चालते. पण लाकूड थेट टेबलावर किंवा खिडकीच्या कठड्यावर टेकवलं, की बंदूक त्यावरून उसळते आणि छर्रे भलतीकडे जातात.

नव्या नेमबाजाला हे पटायला वेळ लागतो, कारण सैल धरल्यावर नळीच्या टोकावरची माशी जास्त डोलताना दिसते. आवळून धरलं की ती स्थिर भासते. कागद मात्र उलट सांगतो. आवळलेल्या हाताचा जोर प्रत्येक शॉटला थोडा वेगळा असतो, आणि तो फरक थेट नळीत उतरतो. सैल हात निदान सारखाच सैल राहतो.

स्वस्त बंदुकीचा चाप बहुधा जड असतो. तो बोटाच्या पेराने सरळ मागे, हळूहळू दाबत न्यायचा. शॉट झाल्यावरही दोन श्वास नेम तसाच धरून ठेवायचा, डोकं उचलायचं नाही. याला नेमबाज ‘फॉलो-थ्रू’ म्हणतात. चाप सुटल्यापासून छर्रा बाहेर पडेपर्यंत जो वेळ जातो, त्यात ‘लागला का?’ म्हणून मान वर करण्याची ओढ पुरेशी घातक ठरते.

मग छर्रे. डबा स्वस्त आहे म्हणून घेतला, की बंदुकीची परीक्षाच होत नाही. 4.5 मिलिमीटरच्या छऱ्याची कंबर बारीक आणि मागचा घेर पातळ शिशाचा, पोकळ असतो. हवेच्या दाबाने तो घेर फुलून नळीच्या आट्यांना चिकटतो. डब्यात आदळून तो चेपला असेल, तर हवा एका बाजूने निसटते. म्हणून उजेडात एकेक छर्रा बघून चेपलेले वेगळे काढावेत, उरलेले अंगठ्याने दर वेळी सारख्याच खोलीवर बसवावेत. दहा मीटरला सपाट डोक्याचा छर्रा चांगला. कागदावर गोल, स्वच्छ भोक पाडतो. पंचवीस मीटरला घुमटाकार बरा. चांगल्या डब्यांवर डोक्याचं माप 4.50, 4.51, 4.52 असं लिहिलेलं असतं, आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हा फरक काही नळ्यांना खरोखर कळतो. तीन-चार प्रकारचे छर्रे आणून आपल्या नळीला विचारणं, एवढाच उपाय. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे.

वेगाच्या मागे लागणारे पुष्कळ भेटतात. छर्रा सेकंदाला 200 मीटरने निघाला, तर दहा मीटर गाठायला त्याला सेकंदाचा विसावा भाग लागतो आणि तेवढ्यात तो सुमारे 1.2 सेंटिमीटर खाली येतो. वेग दहा टक्क्यांनी कमी झाला, तरी तो जेमतेम आणखी तीन मिलिमीटर उतरतो. कडक स्प्रिंग घालून वेग वाढवला, तर हाती लागतो जास्त धक्का. भारतात 4.5 मिलिमीटर व्यासाच्या आणि 20 जूलच्या आतल्या एअर रायफलीला शस्त्रपरवाना लागत नाही. कागदावरच्या नेमबाजीसाठी त्याच्या निम्मी ऊर्जाही भरपूर आहे.

बंदुकीची निगा थोडी, पण नेमाने लागते. दोन्हीकडच्या धक्क्यांनी दस्त्याचे स्क्रू सैल होतात. छर्रे अचानक विखुरले, तर आधी तेच तपासावेत. स्वस्त दुर्बीण याच धक्क्यांनी सरकते किंवा आतून तुटते, म्हणून सुरुवातीला माशी आणि मागची खाचच बरी. नव्या नळीतलं कारखान्याचं ग्रीस कापडाने पुसून काढावं. दट्ट्याच्या नळकांड्यात साधं तेल सोडू नये, आवळलेल्या हवेच्या उष्णतेने ते पेटतं, मोठा आवाज आणि धूर येतो, दर शॉटचा वेग बदलतो आणि सील खराब होतं. छऱ्याशिवाय चाप ओढू नये. दट्ट्या थेट भिंतीवर आदळतो. छर्रा बसवताना नळी दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवावी, कारण खटका सुटून नळी मिटली तर बोट जातं.

लक्ष्यामागे शाडूची जाड थापी किंवा जुन्या वर्तमानपत्रांनी ठासून भरलेलं खोकं हवं; फळीवरून छर्रा उलटून डोळ्यात येऊ शकतो. चष्मा अनिवार्य. आणि लक्ष्य कागदाचंच. पक्षी-खारीवर बंदूक रोखणं क्रूर आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायदा 1972चा आहे, तेव्हा कुणी अजाणतेपणाची सबब सांगू नये.

घरात पडून असलेली बंदूक विकायला काढण्याआधी एवढं करून बघा. स्क्रू आवळा, चांगल्या छऱ्यांचा एक डबा आणा, एका कागदावर दहा शॉट नेहमीसारखे आवळून मारा आणि दुसऱ्यावर दहा उघड्या तळहातावरून. मधे साइटला हात लावू नका, दुसरं काहीही बदलू नका. दोन्ही कागदांवर सर्वांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर पट्टीने मोजा. पाच शॉट पुरत नाहीत, नशीब त्यांत सहज मिसळतं; दहांमध्ये ते लपत नाही. दुसऱ्या कागदावरचं अंतर कमी भरलं, तर नव्या बंदुकीसाठी ठेवलेले पैसे छऱ्यांवर खर्च करा.