वागळे इस्टेट : संकटाआधीचे नियोजन

येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी, मुलुंड चेकनाक्यापासून उत्तरेकडे पसरलेली वागळे इस्टेट हा ठाणे महापालिकेच्या आपत्ती नियोजनातला सर्वांत गुंतागुंतीचा भाग आहे. पश्चिमेला डोंगर, पूर्वेला खाडी. डोंगरावर कोसळलेला पाऊस या दोहोंमधल्या वस्तीतूनच वाट काढतो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि त्याची पहिली वसाहत इथे उभी राहिली. कारखान्यांना भूखंड आणि क्रमांक दिलेले रस्ते मिळाले, पण कामगारांच्या घरांची तशी आखणी झाली नाही. ती घरे किसननगरच्या दाटीत आणि डोंगराच्या उतारावर, जागा मिळेल तिथे उभी राहिली. आज या भागातला धोका पावसामुळे जेवढा आहे, तेवढाच त्या न झालेल्या आखणीमुळे आहे.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ सालचा. त्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण असते. कलम ४१ प्रमाणे महापालिकेने आपले कर्मचारी प्रशिक्षित ठेवायचे, साधनसामग्री सज्ज ठेवायची आणि हद्दीतली बांधकामे आपत्ती प्रतिबंधाच्या निकषांत बसतात का, हे पाहायचे. यातले शेवटचे काम सर्वांत अवघड असते आणि सर्वांत जास्त जीव वाचवणारेही तेच असते. ठाणे महापालिकेचा आपत्ती व्यवस्थापन कक्ष आणि तिचे स्वतःचे प्रतिसाद दल संकट आल्यावर धावून जातात, आणि ते गरजेचेच आहे. पण ढिगारा उपसण्याची वेळच येऊ नये, यासाठीची कामे प्रभाग समितीच्या कार्यालयात, एप्रिल-मे महिन्यात व्हावी लागतात.

त्यातले पहिले काम इमारतींचे. ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या जुन्या इमारती पावसाळ्यात का पडतात, याचे उत्तर काँक्रीटच्या आत आहे. गच्चीतून, मोरीतून मुरलेले पाणी सळईपर्यंत पोहोचले की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे भोवतालचे काँक्रीट आतून तडकते. आधी पोपडे सुटतात, मग खांबावर उभी चीर दिसते, मग सळई उघडी पडते. खाडीची रेती नीट न धुता वापरली असेल, तर तिच्यातले मीठ हीच क्रिया वेगाने घडवून आणते. वरून गिलावा करून रंग दिला की चीर झाकली जाते. आतली झीज मात्र चालूच राहते. तपासणीला आलेला अभियंता म्हणूनच हातोडीने ठोकून आवाज ऐकतो. भरीव आवाज आला तर काँक्रीट धरून आहे, पोकळ आला तर ते सळईपासून सुटले आहे. चीर वाढते आहे का, हे पाहण्यासाठी तिच्यावर काचेची पट्टी चिकटवतात. काही दिवसांनी पट्टी तुटलेली आढळली, तर इमारत हलते आहे.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात तीस वर्षांहून जुन्या इमारतींना अशी संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. तपासणीनंतर इमारती चार वर्गांत मोडतात. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडण्याची. सी-२ए रिकामी करून दुरुस्त करण्याची, सी-२बी रहिवासी राहत असतानाच दुरुस्त करता येण्याजोगी, तर सी-३ किरकोळ दुरुस्तीची. दरवर्षी पावसाळ्याआधी ही यादी जाहीर होते आणि सी-१ इमारतींना नोटिसा लागतात.

नोटीस लागली तरी माणसे घर का सोडत नाहीत, हा या साऱ्या नियोजनाचा गाभा आहे. इमारत अनधिकृत असेल तर पाडल्यावर हक्काचा कागदच हाती उरत नाही. भाडेकरू असेल तर मालक परत घर देईल याची खात्री नसते. मुलांची शाळा आणि कामाची जागा जवळ असताना शहराच्या दुसऱ्या टोकाच्या संक्रमण घरात जाणे परवडत नाही. घर रिकामे करताना रहिवाशाच्या ताब्यातल्या क्षेत्रफळाची नोंद करून तिची प्रत त्याला देणे, ही वरवर कारकुनी वाटणारी गोष्ट म्हणूनच जीव वाचवणारी आहे. इमारत कोसळली की काय होते, हे या पट्ट्याने वारंवार पाहिले आहे. २८ जुलै २०१५ च्या रात्री ठाकुर्लीत मातृछाया इमारत कोसळून नऊ जण गेले. आठवडाभरात, ४ ऑगस्टला, नौपाड्यात कृष्णनिवास कोसळून बारा जण दगावले. वागळे इस्टेटीने साईराज इमारतीची दुर्घटना त्याआधीच, १९९० च्या दशकाच्या अखेरीस सोसली होती. शीळ येथे ४ एप्रिल २०१३ रोजी बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत पडून ७४ जण मरण पावले, तेव्हा तर पावसाळाही नव्हता. शिवाय ठाणे जिल्हा भूकंपाच्या तिसऱ्या विभागात येतो. जी इमारत स्वतःचा भार पेलू शकत नाही, ती मध्यम धक्काही पेलणार नाही.

डोंगराच्या बाजूला धोक्याचे स्वरूप बदलते. खाली काळा पाषाण, वर मुरूम आणि माती असा हा उतार आहे. घरासाठी जागा करताना उताराचा पाय तासला जातो, वरच्या घरांचे सांडपाणी तिथेच मुरते, आणि सलग दोन-तीन दिवस पाऊस झाला की भिजून जड झालेली माती खडकावरून घसरते. संरक्षक भिंत बांधली तरी मागचे पाणी बाहेर पडायला तिच्यात भोके नसतील, तर तीच घरावर कोसळते. जुलै २०२१ मध्ये कळव्याच्या घोलाईनगरात दरड कोसळून पाच जणांचा बळी गेला. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत एकास पाचपेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला मनाई आहे. आधीच वसलेल्या घरांना मात्र या नियमाचा आधार नाही. त्यांच्यासाठी वरच्या बाजूने पाणी वळवणारे गटार, भक्कम भिंत आणि अतिवृष्टीच्या रात्री उघडी राहणारी जवळची शाळा, एवढे तरी पावसाआधी तयार असावे लागते.

नाल्यांचे गणित भरतीशी बांधलेले आहे. साडेचार मीटरहून उंच भरती आणि जोरदार सर एकाच वेळी आली, की खाडी पाणी घेत नाही आणि ते वस्तीत तुंबते. नाले रुंद करून काँक्रीटच्या भिंती बांधल्याने वरच्या भागातले पाणी लवकर निघते, पण तेच पाणी खाली अधिक वेगाने पोहोचते. रायलादेवी तलावासारखे पाणी धरून ठेवणारे जुने साठे म्हणूनच नियोजनाचा भाग मानायला हवेत. नालेसफाईचे मोजमाप निव्वळ काढलेल्या गाळाच्या टनांत न करता, पहिल्या मोठ्या सरीनंतर पाणी कुठे किती वेळ थांबले, यावर व्हावे.

शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत मात्र मुख्य प्रश्न नदीचा आहे. उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या काठी निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर दाखवते, तर लाल रेषा शंभर वर्षांतला. जुलै २०१९ मध्ये उल्हासच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि सुमारे हजार प्रवाशांना बोटींतून काढावे लागले. तिथे काठावरची बांधकामे रोखणे आणि वेळेत इशारा पोहोचवणे हेच नियोजन.

जुन्या इमारतींवरचा ठाण्याचा उपाय म्हणजे समूह पुनर्विकास, लोकांच्या भाषेत क्लस्टर. एकेक इमारत न पाहता सबंध वस्तीची नव्याने आखणी करायची, रुंद रस्ते आणि मोकळी जागा ठेवायची, ही कल्पना योग्य आहे, कारण किसननगरच्या गल्ल्यांत आज अग्निशमनाची मोठी गाडी वळवणेही कठीण असते. किसननगरच्या योजनेचे भूमिपूजन जून २०२३ मध्ये झाले आणि बांधकाम सिडकोकडे आहे. पण अशी योजना पुरी व्हायला वर्षे लागतात, आणि मधल्या प्रत्येक पावसाळ्यात लोक त्याच जुन्या इमारतींत राहतात. तेवढ्या काळासाठी टेकू, गच्चीची गळती थांबवणे आणि जवळची संक्रमण घरे यांवरचा खर्च वाया जातो असे समजणे चूक आहे.

खर्चाची आणि कारभाराची वाटही आता थोडी रुंदावली आहे. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या आपत्ती निधीतला २० टक्के वाटा धोका आधीच कमी करण्याच्या कामांसाठी वेगळा ठेवला. २०२५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने महापालिका असलेल्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण नेमण्याची मुभा राज्याला दिली आहे.