मराठा पलटण, टांगाइल आणि दोन शेपट्यांचं पॅकेट ✈️

लढाऊ विमानांवर सगळेच बोलतात; आज मालवाहू विमानांविषयी. आपल्या संभाजीनगरातल्या विमानप्रेमींसाठी खास!

11 डिसेंबर 1971, बांगलादेश मुक्तियुद्ध. मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची असलेली 2 पॅरा (मराठा) ढाक्याच्या वायव्येला टांगाइलजवळ छत्रीनं उतरली. काम: पुंगली पूल ताब्यात घेऊन ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी सैन्याची वाट अडवणं. डाकोटा, पॅकेट आणि अँटोनोव्ह-12 अशी सुमारे 50 विमानं होती.

यातल्या दोन विमानांची आणि त्याआधीच्या एका ग्लायडरची रचना बघा.

🔹 डाकोटा: दार बाजूला, चाक शेपटीखाली. जमिनीवर विमान तिरकं उभं राहतं, म्हणून जड सामान चढवणं जिकिरीचं.

🔹 पॅकेट (सी-119): शेपूट दोन दांड्यांवर पेललेली, त्यामुळे मधल्या धडाची मागची बाजू पूर्ण मोकळी. ट्रक थेट मागे लावा, माल आत! उंचावरच्या विरळ हवेसाठी आपल्या हवाई दलानं पाठीवर एक जेट इंजिनही बसवलं. 1962 मध्ये पॅकेट लडाखच्या दौलत बेग ओल्डीला उतरलं. उंची 16,614 फूट!

🔹 वाको ग्लायडर: इंजिनच नाही. पोलादी नळ्या, प्लायवूड, कापड. मार्च 1944 मध्ये आसामातल्या लालाघाटहून ब्रिटिश-भारतीय सैन्याच्या चिंडिट या छापामार दलाचे पहिले सैनिक यातून ब्रह्मदेशात उतरले. आतली जीप पुढे निघाली की तिला जोडलेल्या दोरानं विमानाचं नाकच वर उचललं जाई!

सैनिक आणि सामान झटपट बाहेर कसं पडेल, यावर अशा विमानाचा सांगाडा बराचसा ठरतो.

तुमच्या घरात कुणी पॅरा पलटणीत होतं का? कमेंटमध्ये जरूर लिहा. 🇮🇳